नकाशावर लाल दिसणाऱ्या वस्तीत भाड्याने राहायला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर आवडलंय, भाडं परवडतंय, पण मोबाइलवरच्या गुन्ह्यांच्या नकाशावर तो सगळा भाग लाल दिसतो, गुन्ह्यांचा दर शहराच्या सरासरीच्या दुप्पट. लहान मुलीला घेऊन तिथे जावं की नाही?

मी पोलीस खात्यातला नाही. पण आजवर तीन भाड्याची घरं केली, त्यातलं एक फोडलं गेलं, आणि तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलोय. फोडलं गेलेलं घर ज्या भागात होतं तो भाग नकाशावर हिरवागार होता, हे आधीच सांगून टाकतो.

आधी तो दुप्पट दर. नोंदलेल्या गुन्ह्यांना तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने भागलं की दर निघतो. त्या भागात स्टेशन किंवा मोठा बाजार असेल तर दिवसभरात लाखभर माणसं येऊन जातात. पाकिटं मारली जातात त्यांची, आणि भागाकार होतो तिथे रात्री झोपणाऱ्या दहा-पंधरा हजारांनी. दर फुगणारच. म्हणून एकूण आकडा सोडा, प्रकार बघा: घरफोडी किती, रस्त्यावरची लूटमार किती, मारहाण किती, आणि गाडी असेल तर वाहनचोरी. दुकानातून माल उचलल्याचे दोनशे गुन्हे असले तरी तुमच्या मुलीला त्याने काही फरक पडत नाही. आणि एकाच वर्षावर जाऊ नका. दोनाच्या चार घरफोड्या झाल्या तरी बातमीत ती '१०० टक्के वाढ' असते.

हिरव्या रंगाचंही तसंच. नकाशावर येतो तो नोंदलेला गुन्हा. म्हणून अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून पोलिसांच्या नोंदींना समांतर अशी मोठी सर्वेक्षणं चालतात. नमुन्यादाखल निवडलेल्या घरांतल्या लोकांना थेट विचारतात, गेल्या काही महिन्यांत तुमच्या बाबतीत काय घडलं? त्यातून दिसतं की निम्म्याहून जास्त गुन्हे पोलिसांपर्यंत गेलेलेच नसतात. वाहनचोरी बहुतेक नोंदली जाते, कारण विम्याला कागद लागतो. किरकोळ चोरी नोंदवायला कोण जातंय! आमच्या त्या हिरव्या भागात, माझं घर फुटल्यावर, एकाच जिन्यातल्या दोन घरांनी मला हळूच सांगितलं की आमच्याकडेही झालं होतं, पण म्हटलं कुठे चकरा मारा. उलट जिथे लोकांना तक्रार करावीशी वाटते, तिथला आकडा वर जातो आणि भाग बदनाम होतो.

पण माझा खरा आक्षेप 'भाग' या शब्दालाच आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेले सगळे कॉल पत्त्यांनुसार लावून बघितले होते, १९८९ साली ते प्रसिद्ध झालं. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल आले होते. तिथल्याच सिएटल शहरात चौदा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तिथेही पाचेक टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर निम्मे गुन्हे, आणि तेच तुकडे वर्षानुवर्षं. म्हणजे लाल वस्तीतल्या बहुसंख्य गल्ल्यांत विशेष काहीच घडत नसतं. तुम्ही वस्तीत राहणार नाही, एका गल्लीत राहणार आहात. प्रश्न त्या गल्लीबद्दल विचारा.

तो चालून विचारायचा. रात्री दहाला तर सगळेच चक्कर मारतात, तुम्ही कामाच्या दिवशी दुपारी बाराला जा. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक कोडं मांडलं होतं: साठच्या दशकात अमेरिकेत पैसा वाढला, बेकारी घटली, तरी चोऱ्या का वाढल्या? त्यांचं उत्तर मला फार आवडतं. घरातली सगळी माणसं दिवसा बाहेर पडू लागली, आणि वस्तू हलक्या झाल्या. १९६० मध्ये बाजारातला हलक्यात हलका टीव्ही ३८ पौंड वजनाचा होता, १९७० मध्ये १५ पौंड वजनाचा. काखेत मारून नेता येईल असा! तेव्हा दुपारी त्या गल्लीत कोणी असतं का, खिडक्यांतून रस्ता दिसतो का, अनोळखी माणूस दोनदा फिरला तर कोणी 'काय हवंय?' विचारतं का, हे बघा. मला विचारलं गेलं तर मी त्या घराला झुकतं माप देतो.

रात्री गेलात तर दिवे बघा. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे जादा दिवे लावले, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने घटले. भिंतीवरची रंगरंगोटी आणि कोपऱ्यावर उभी पोरं यांनी मात्र लगेच बिचकू नका. भीती वाटणं आणि धोका असणं या दोन गोष्टींची गाठ दरवेळी पडतेच असं नाही.

आता जे मला उशिरा कळलं ते. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त. चोराला वाट ठाऊक झालेली असते, वर नवीन सामान आलेलं असतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८६ च्या सुमारास याच धाग्यावर काम झालं. नुकत्याच फुटलेल्या घरांची कुलपं-कड्या आधी मजबूत केल्या, नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले (चोर त्यातली नाणीच न्यायचे), आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. वर्षभरात वसाहतीतल्या घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या.

म्हणून घरमालकाला सरळ विचारा, या घरात किंवा शेजारी गेल्या सहा महिन्यांत चोरी झालीय का, आणि आधीचा भाडेकरू गेल्यावर कुलूप बदललं का. शेजाऱ्यांनाही तेच विचारा, मालक नसताना.

मी विचारलं नव्हतं. घर बघायला गेलो तेव्हा दाराच्या चौकटीला कुलपाच्या बाजूने नवी लाकडी पट्टी ठोकलेली होती, रंगही ताजा होता. मी बायकोला म्हटलं, मालक चांगला दिसतोय, आपण यायच्या आधी डागडुजी करून घेतलीय.