वाचकांचे प्रश्न : जोंगखा आणि सिंहली

प्रश्न : भूतान आणि श्रीलंका हे दोन्ही देश बौद्धबहुल आहेत; मग त्यांच्या जोंगखा व सिंहली या भाषाही एकमेकींच्या जवळच्या आहेत काय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. सिंहली ही मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातील आहे. म्हणून तिचे ‘अत’ (हात), ‘कन’ (कान), ‘गम’ (गाव) हे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, मात्र महाप्राण (‘ख’, ‘भ’ यांसारखे हकारयुक्त) उच्चार बोलण्यातून लोपल्यामुळे ‘भूमी’ची तेथे ‘बिम’ झाली आहे. जोंगखा तिबेटी-ब्रह्मी कुळातील. पाण्याला ती ‘चू’ म्हणते, तिच्यात स्वराच्या चढउताराने अर्थ बदलतो आणि सांगणाऱ्याला एखादी गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती की आत्ताच कळली, हे ‘आहे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनच समजते. ही सोय मराठीत असती तर गावगप्पांची पारख सोपी झाली असती! ‘जोंग’ म्हणजे किल्ला, ‘खा’ म्हणजे भाषा. सिंधुदुर्गाच्या शेजाऱ्यांना हे नाव आवडावे, आणि त्यातील ‘ज’ मासेमारीच्या जाळ्यातल्या ‘ज’सारखा उच्चारावा. वाक्याच्या शेवटी क्रियापद ठेवण्याची रीत मात्र दोघींची सारखीच आहे, आणि दोघींच्या लिप्या, जोंगखाची तिबेटी व सिंहलीची स्वतःची वाटोळी, मुळात ब्राह्मी या प्राचीन भारतीय लिपीतूनच आल्या आहेत.