पीएच.डी. करताना सामुदायिक मानसिक आरोग्याचा अनुभव बेळगावजवळ कुठे मिळेल?

आधी धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत विचारा. पण नुसत्या वॉर्डवर समाधान मानू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासोबत तालुक्याला जायची परवानगी मागा. १९९६ साली सुरू झालेल्या या राष्ट्रीय पातळीवरच्या कार्यक्रमाचा नमुना कर्नाटकातल्याच बळ्ळारीचा. खानापूरकडची बाई मराठीत सांगते, "झोप न्हाई, छातीत धडधडतंय." डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, मध्ये आशाताई दोन्हीकडून बोलते. तिच्या शेजारी बसा, घरातलं काय सांगायचं राहतंय ते तिलाच ठाऊक असतं. कन्नड मात्र शिकाच. आणि हो, नुसत्या पीएच.डी.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी होत नाही. त्यासाठी त्यांची मान्यता असलेला कोर्सच करावा लागतो.