वाचकांचे प्रश्न : थॉमस कोल कुठले चित्रकार?

प्रश्न : अमेरिकेतील निसर्गचित्रांच्या परंपरेची सुरुवात थॉमस कोल यांच्यापासून मानतात; पण ते तर इंग्लंडमध्ये जन्मले होते. मग त्यांना अमेरिकन म्हणणे योग्य आहे का? आणि परदेशातून आल्याच्या खुणा त्यांच्या चित्रांत दिसतात का?

उत्तर : कोल यांनी १८३४ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे आहे. दुसरा प्रश्न मात्र अधिक मोलाचा आहे, कारण माझ्या मते बाहेरून आल्यामुळेच कोल यांना अमेरिकेचा निसर्ग असा दिसला.

त्यांचा जन्म १८०१ मध्ये लँकाशरमधील बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावी झाला. सुती कापडावर छापण्याची नक्षी कोरण्याचे काम ते पोरवयातच शिकले. ते ११ वर्षांचे असताना जवळच्या वेस्टहॉटनची गिरणी यंत्रांवर चिडलेल्या कामगारांनी जाळली. वडिलांचा धंदा बसल्यावर १८१८ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेले, आणि धूर व यंत्रे पाहत वाढलेल्या या तरुणापुढे कुऱ्हाड न लागलेली अरण्ये उभी राहिली. तिथल्या रहिवाशांना जंगल म्हणजे शेतीसाठी तोडायची झाडे वाटत. ते तोडल्यावर पुढे काय होते, हे कोल यांनी लहानपणीच पाहिले होते.

१८२५ मध्ये ते हडसन नदीने कॅट्सकिल डोंगरांकडे गेले. त्या प्रवासातून तयार झालेली तीन चित्रे न्यूयॉर्कमध्ये विक्रीस ठेवली, ती प्रत्येकी २५ डॉलरला जॉन ट्रंबुल, विल्यम डनलॅप आणि आशर ड्युरँड या तीन चित्रकारांनीच घेतली. नवख्या माणसाला प्रस्थापितांनी असा हात द्यावा, हे कलेच्या क्षेत्रात क्वचित घडते, म्हणून मुद्दाम नोंदवतो. पुढे १८२९ ते १८३२ या काळात त्यांनी युरोप पाहिला आणि रोमच्या भग्नावशेषांनी त्यांच्या मनात घर केले. एकाच भूमीवर साम्राज्य उगवते, वैभवाला पोहोचते आणि उद्ध्वस्त होते, हे पाच चित्रांतून दाखवणारी ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ ही मालिका त्यांनी १८३६ मध्ये पूर्ण केली.

त्याच वर्षीचे ‘द ऑक्सबो’ हे चित्र सावकाश पाहण्यासारखे आहे. सुमारे १३१ बाय १९३ सेंटिमीटरच्या या कॅनव्हासवर डावीकडे वादळाने मोडलेली झाडे आणि काळे ढग आहेत, तर उजवीकडे उन्हात न्हालेली शेते आणि वळसा घेणारी कनेक्टिकट नदी. खाली मध्यावर, खडकांच्या आड, टोपी घातलेला एक इवलासा चित्रकार चित्रफलकापुढे बसला आहे, आणि तो मान वळवून थेट आपल्याकडे पाहतो. ते कोल स्वतः आहेत. अरण्य आणि शेती यांच्या सीमेवर त्यांनी स्वतःला बसवले, याचा मला फार अर्थ वाटतो.

त्यांची चिंता कल्पनेतली नव्हती. कॅट्सकिलच्या त्यांच्या लाडक्या ओढ्याचे १८३७ च्या सुमाराचे चित्र दाट झाडीने वेढलेले आहे. १८४३ मध्ये त्यांनी तोच देखावा पुन्हा रंगवला तेव्हा पुढची झाडी गेली होती, हाती कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा होता आणि दूरवर आगगाडी धावत होती.

प्रश्न : कोल यांचे कोणी शिष्य होते का?

उत्तर : हो, फ्रेडरिक चर्च हे १८४४ ते १८४६ अशी दोन वर्षे त्यांच्याकडे शिकले. कोल १८४८ मध्ये, अवघ्या ४७ व्या वर्षी, कॅट्सकिल गावी वारले. हडसनच्या पलीकडच्या काठावरील ज्या टेकडीवरून चर्च यांनी शिकत असताना रेखाटने केली होती, तिथेच त्यांनी पुढे आपले ‘ओलाना’ हे घर बांधले.