अ‍ॅप उघडते, पण फीड लोड होत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पंचवटीत राहते. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेऊन त्यांची छायाचित्रे आणि रील्स सोशल मीडियावर टाकते व घरूनच विक्री करते. गेल्या काही आठवड्यांपासून संध्याकाळी अ‍ॅप उघडले की चक्र नुसते फिरत राहते आणि शेवटी ‘फीड लोड होऊ शकले नाही’ असा संदेश येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप मात्र येत असतात आणि सकाळी सर्व सुरळीत असते. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांनी अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगितले आहे. काही रील्स अजून ड्राफ्टमध्ये आहेत. काय करावे?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : ताई, अ‍ॅप इतक्यात काढू नका. इन्स्टाग्रामसारख्या अ‍ॅपमध्ये ड्राफ्ट आपल्या फोनमध्येच साठवलेले असतात, त्यामुळे अ‍ॅप काढले की तेही पुसले जातात आणि नव्याने लॉगिन केल्यावर परत मिळत नाहीत. आधी रील्सचे मूळ व्हिडिओ गॅलरीत आहेत ना, याची खात्री करून घ्या.

सकाळी चालणारे अ‍ॅप संध्याकाळी अडते, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बिघाड अ‍ॅपमध्येच असता, तर त्याने सकाळ-संध्याकाळ असा भेद सहसा केला नसता. रोजच्या डेटाची मर्यादा असलेल्या अनेक रिचार्जमध्ये तो डेटा संपल्यावर इंटरनेट बंद पडत नाही, तर वेग ६४ केबीपीएसपर्यंत, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइटवर येतो. दोन ओळींचा निरोप एवढ्या वेगातही पोहोचतो. पण १ एमबीच्या एका छायाचित्राला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ न थांबता अ‍ॅप त्रुटीचा संदेश दाखवून मोकळे होते. दिवसभर रील्स चढवणाऱ्या व्यक्तीचा डेटा संध्याकाळपर्यंत संपणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा अडचण येईल त्याच वेळी सिम कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा पाहा.

डेटा शिल्लक असेल, तर गर्दीचा विचार करावा लागेल. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो तेव्हा एकाच टॉवरवर असंख्य फोन येतात, आणि रेंज पूर्ण दिसत असूनही प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतो, कारण त्या दांड्या सिग्नल किती जोरकस आहे एवढेच सांगतात, टॉवरवर किती भार आहे हे सांगत नाहीत. बुधवारी त्रास वाढतो का, हे आवर्जून पाहा. याची खरी कसोटी सोपी आहे : घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घ्या किंवा शेजाऱ्यांचे वाय-फाय जोडा. त्यावर फीड लगेच दिसले, तर दोष तुमच्या डेटाचा किंवा नेटवर्कचा आहे आणि अ‍ॅप पुन्हा टाकून काहीही साधणार नाही.

वाय-फायवरही तोच संदेश आला, तरच फोनकडे वळा. तारीख-वेळ ‘स्वयंचलित’ ठेवा, कारण घड्याळ चुकले असेल तर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटून फोन जोडणीच नाकारतो. व्हीपीएन (आपले इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा) सुरू असल्यास बंद करा, फोनमध्ये थोडी जागा मोकळी करा आणि अ‍ॅप अपडेट करा. त्यानंतर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या ‘स्टोरेज’ विभागात जाऊन ‘क्लिअर कॅशे’ (तात्पुरती साठवलेली माहिती पुसणे) हाच पर्याय निवडा. त्याच्या शेजारचा ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ दाबला, तर लॉगिनसह ड्राफ्टही जातील. घाईत नेमके तेच बटण दाबले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

प्रश्न : आमच्या घरातल्या सर्व फोनवर एकाच वेळी अ‍ॅप लोड होईनासे झाले. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन केला, तर समोरच्या माणसाने स्क्रीन दिसेल असे एक अ‍ॅप टाकायला सांगितले. टाकावे का?
(एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : मुळीच टाकू नका. तसे अ‍ॅप टाकले की तुमच्या फोनवर येणारा ओटीपी समोरच्याला दिसतो आणि बँक खाते रिकामे होऊ शकते. पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि बँकेलाही सांगा.

वेगवेगळ्या सिमचे सर्व फोन एकाच वेळी अडले, तर दोष बहुधा कंपनीच्या सर्व्हरचा असतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते; देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांमधील जोडणीच तुटली होती. अशा वेळी आपल्या फोनमध्ये दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांना विचारून खात्री करा, सेवा सुरू होईपर्यंत थांबा आणि तोवर पासवर्ड बदलण्याच्या किंवा अ‍ॅप काढण्याच्या फंदात पडू नका.