वॉशिंग्टन मोर्चाचे सूत्रधार बायर्ड रस्टिन

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाविषयी वाचताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. त्या मोर्चाची सारी बांधणी बायर्ड रस्टिन या समलिंगी कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने केली होती, असे अलीकडे समजले. हे खरे असल्यास त्यांचे नाव मागे का पडले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हे खरे आहे. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ मोर्चाचे प्रमुख होते आणि रस्टिन त्यांचे उपप्रमुख. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील कार्यालयातून रस्टिन यांनी जेमतेम दोन महिन्यांत दोन हजारांहून अधिक बसगाड्या, एकवीस खास रेल्वेगाड्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, जेवण आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारे ध्वनिक्षेपक यांची व्यवस्था लावली. २८ ऑगस्टला सुमारे अडीच लाख लोक जमले आणि शांततेत परतले.

त्यामागे दोन दशकांची तयारी होती. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या आजीच्या संस्कारांत वाढलेले रस्टिन उत्तम गायक होते. दुसऱ्या महायुद्धात भाग घेण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. १९४७ साली बसमधील वर्णभेद मोडल्याबद्दल नॉर्थ कॅरोलिनात बेड्या घालून राबवल्या जाणाऱ्या कैद्यांच्या टोळीत त्यांनी २२ दिवस काढले, आणि त्या अनुभवावरील त्यांच्या लेखमालेमुळे तेथील ती पद्धत सुधारण्याच्या मागणीला जोर आला. गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, १९४८ मध्येच, ते भारतात येऊन गेले होते. १९५६ साली बसमधील वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराच्या वेळी ते अलाबामातील माँटगोमेरीला पोहोचले तेव्हा किंग यांच्या घरात संरक्षणासाठी बंदुका होत्या. अहिंसा ही केवळ डावपेच न राहता जगण्याची रीत व्हावी, हा आग्रह किंग यांच्यापुढे धरणाऱ्यांत रस्टिन अग्रभागी होते.

नाव मागे पडण्याचे मोठे कारण १९५३चे आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवल्यावरून त्यांना अटक झाली, शिक्षा झाली आणि ज्या शांततावादी संघटनेत ते काम करत होते ती त्यांना सोडावी लागली. पुढे हा प्रसंग विरोधकांनी आणि मित्रांनीही त्यांच्याविरुद्ध वापरला. १९६० साली हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी किंग आणि रस्टिन यांच्यात लैंगिक संबंध असल्याची खोटी आवई उठवण्याची धमकी दिली. रस्टिन यांनी किंग यांच्या संघटनेतून राजीनामा दिला आणि किंग यांनी तो स्वीकारला. किंग यांच्याविषयी आदर ठेवूनही, त्यांच्या सार्वजनिक जीवनातला हा कमकुवत क्षण होता असे म्हणावे लागते. मोर्चाच्या सुमारे दोन आठवडे आधी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सभागृहात रस्टिन यांच्या अटकेचा पाढा वाचला, तेव्हा मात्र रँडॉल्फ ठामपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि या वेळी इतर नेतेही डगमगले नाहीत.

तरीही सगळा दोष लैंगिकतेविषयीच्या पूर्वग्रहावर टाकणे अपुरे ठरेल, कारण त्या सप्टेंबरात ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर रँडॉल्फ यांच्या शेजारी रस्टिनच होते. नंतर त्यांनी निदर्शनांऐवजी कामगार संघटना आणि डेमोक्रॅटिक पक्षाशी युती करण्याचा पुरस्कार केला आणि व्हिएतनाम युद्धावर सौम्य भूमिका घेतली. त्यामुळे तरुण कार्यकर्ते त्यांच्यापासून दुरावले. चळवळीची स्मृती ज्यांनी जपली, त्यांना ते गैरसोयीचे वाटू लागले.

प्रश्न : समलिंगींच्या हक्कांसाठी त्यांनी स्वतः काही केले का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : केले, पण आयुष्याच्या अखेरीस. समलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या न्यूयॉर्क शहराच्या कायद्याच्या बाजूने त्यांनी साक्ष दिली, आणि तो १९८६ मध्ये संमत झाला. विवाहाचा मार्ग बंद असल्याने १९८२ साली त्यांनी आपले सहचर वॉल्टर नेगल यांना कायदेशीररीत्या दत्तक घेतले होते, त्यासाठी नेगल यांच्या आईला मुलावरील हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. रस्टिन १९८७ मध्ये वारले. २०१३ साली ओबामा यांनी त्यांना मरणोत्तर दिलेले स्वातंत्र्यपदक नेगल यांनी स्वीकारले, तर पॅसाडिनाची शिक्षा कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी माफ करायला २०२० साल उजाडले.