दोन हजाराची नोट अजून चालते का?

प्रश्न : सासूबाईंच्या पैठणीच्या घडीत दोन हजाराच्या तीन नोटा सापडल्या. वाणी हातही लावत नाही. रद्दी झाली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, रद्दी नाही हो! १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने ही नोट चलनातून मागे घेतली, पण कायदेशीर चलन म्हणून तिची मान्यता काढलेली नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात जुन्या पाचशे-हजाराचं झालं ते वेगळं, त्या खरंच बाद झाल्या. वाण्याला मात्र दोष देऊ नका. ती नोट घेऊन तो तरी कुठे खपवणार?

साध्या बँकेत बदलून मिळण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. आता रिझर्व्ह बँकेच्या १९ इश्यू कार्यालयांतच हे काम होतं. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. सहा हजारांसाठी साताऱ्याहून बेलापूरला खेटा कशाला घालता? पोस्टातून पाठवा, रक्कम थेट खात्यात जमा होते. सोबत अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडा. पावती मात्र जपून ठेवा.

मी कॅशियर होतो तेव्हा या गुलाबी नोटेने छळलं होतं. आधीच्या नोटांपेक्षा मापाने वेगळी, त्यामुळे एटीएमचे कप्पे बदलावे लागले. आणि कुणी ती पुढे केली की सुट्ट्यांसाठी गल्ला उपसायचा. मागचं मंगळयान तेवढं मला आवडायचं.

पैठणीच्या बाकीच्या घड्याही उलगडून बघा. जरीला हवाही लागेल.