दोन आड, एकच पाणी

प्रश्न : माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन आड होते, एक गावाचा आणि एक वेशीबाहेरच्या वस्तीचा. याविषयी विचारले की आजोबा म्हणत, "झरा एकच, पाणी दोन्हीकडे सारखेच गोड, मग यात अन्याय कसला?" मी निवृत्त शिक्षक आहे. नातीला अमेरिकेच्या इतिहासाचा धडा समजावून सांगताना 'समान पण वेगळे' हे तत्त्व वाचनात आले आणि आजोबांचेच शब्द कानावर पडल्यासारखे वाटले. शिकलेल्या, कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशांनी हे कसे मान्य केले आणि पुढे ते कोणत्या युक्तिवादाने खोडले गेले, हे कृपया सविस्तर सांगावे. (एक वाचक, जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : आपल्या आजोबांचा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक अशा मतांनी मान्य केला होता, त्यामुळे आपल्याला झालेली आठवण अगदी रास्त आहे. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये कायदा केला की आगगाडीत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी 'समान पण वेगळी' सोय असावी, आणि नेमून दिलेल्या डब्यात बसण्यास जो नकार देईल त्याला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद व्हावी. न्यू ऑर्लिन्समधील नागरिकांच्या एका समितीने या कायद्याला आव्हान देण्यासाठी ठरवून होमर प्लेसी या तरुणाला ७ जून १८९२ रोजी गोऱ्यांच्या डब्यात बसवले. वंशाने तो सात अष्टमांश गोरा होता आणि दिसण्यातही गोराच होता, म्हणून त्याला आपली ओळख स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली, तेव्हा कुठे त्याला अटक झाली.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे असे की १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्यापुढील समानता दिली आहे, सामाजिक समानता नव्हे. लोकांच्या रूढी आणि परंपरा लक्षात घेऊन राज्याने वाजवी नियम करावेत. आणि वंशांविषयीच्या उपजत भावना कायद्याने पुसता येत नाहीत. यानंतरचे त्यांचे वाक्य मला सर्वांत कठोर वाटते. वेगळे बसवल्यामुळे कृष्णवर्णीयांवर कमीपणाचा शिक्का बसतो असे कोणाला वाटत असेल, तर तो अर्थ कायद्यात नाही, तो त्या समाजाने स्वतः लावून घेतलेला आहे, असे त्यांनी लिहिले. ज्याला वेशीबाहेर उभे केले त्यालाच, "तुझ्या मनात आहे म्हणून तुला तसे वाटते," असे ऐकवण्याचा हा प्रकार आपल्या भागातील अनेकांनी स्वतः अनुभवला आहे.

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन एकटे विरोधात उभे राहिले. ते केंटकीचे होते आणि त्यांच्या घराण्याने गुलाम बाळगले होते, तरीही कायद्याचा खरा हेतू त्यांनी नेमका ओळखला. कागदावर नियम दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, पण गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या डब्यातून दूर ठेवण्यासाठी तो केलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, असे ते म्हणाले. या कायद्यात एक अपवादही होता. गोऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना तो लागू नव्हता, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्री मोलकरीण म्हणून शेजारी बसलेली चालत होती, प्रवासी म्हणून चालत नव्हती. हा अपवाद वाचून मला आपल्याकडील वाडे आठवतात, जिथे एखाद्या माणसाने शेतात आणि गोठ्यात दिवसभर राबलेले चालत असे, पण त्याचा पोहरा गावच्या आडात उतरलेला चालत नसे. हार्लन यांना देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. त्याच मतपत्रात चिनी लोकांविषयी त्यांनी अनुदार उद्गार काढले आहेत.

हा वाद १८९६ च्या आधीपासूनच चालू होता आणि त्यात आपला संदर्भ फार लवकर आला. बॉस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून लांबच्या वेगळ्या शाळेत जावे लागे. १८४९ मध्ये तिच्या बाजूने चार्ल्स समनर यांनी युक्तिवाद केला की रंगावरून मुलांना वेगळे करणे हे जातिव्यवस्थेसारखेच आहे, आणि त्यासाठी त्यांनी भारतातील जातींचे दाखले दिले. खटला ते हरले आणि प्लेसीविरुद्धच्या निकालात त्याच बॉस्टनच्या निकालाचा आधार घेतला गेला. मात्र मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १८५५ मध्येच शाळांमधील असा भेद कायद्याने बंद केला होता. पुढे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, ही याच देवाणघेवाणीची दुसरी बाजू होय.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. 'समान' हा शब्द कागदावरच राहिला, हे सिद्ध करणे तुलनेने सोपे होते. साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५० च्या सुमारास गोऱ्या विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागे ४३ डॉलर खर्च होत होते, आणि तेथील लढा तर मुलांसाठी एक बस मिळावी एवढ्याच मागणीपासून सुरू झाला होता. पण पुढे राज्यानेच ३ टक्के विक्रीकर लावून नव्या शाळा बांधायला काढल्या. राज्याचे वकील जॉन डेव्हिस यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की आम्ही सोयी समान करीत आहोत, कायदा पन्नासहून अधिक वर्षे स्थिर आहे, आणि ज्या संसदेने चौदावी दुरुस्ती मांडली तिच्याच अधिकारातील वॉशिंग्टन शहरात वेगळ्या शाळा होत्या, मग त्या दुरुस्तीने वेगळ्या शाळांना बंदी केली असे कसे म्हणता? हा युक्तिवाद लेचापेचा नव्हता. त्याला उत्तर देणाऱ्याला, दोन्ही आडांचे पाणी खरोखरच सारखे आहे असे गृहीत धरूनच बोलावे लागणार होते.

तो मार्ग १९५० च्या एका खटल्याने मोकळा केला. ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला न्यायालयाच्या आदेशामुळे प्रवेश दिला, पण वर्गात, ग्रंथालयात आणि भोजनगृहात त्याची जागा वेगळी ठेवली. शिक्षक तेच, पुस्तके तीच, अन्नही तेच. तरीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की सहाध्यायांशी चर्चा करण्याची आणि विचारांची देवघेव करण्याची संधी हिरावली गेली, म्हणजे शिक्षणच हिरावले गेले. याच मार्गाने क्लॅरेंडनच्या मुलांचे वकील थर्गुड मार्शल आणि त्यांचे सहकारी १७ मे १९५४ च्या निकालापर्यंत पोहोचले. त्या दिवशी न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निर्णय दिला की इमारती आणि शिक्षकांचे पगार सारखे असले तरी शिक्षणातील वेगळ्या सोयी या मुळातच असमान असतात.

दक्षिण आफ्रिकेने मात्र 'समान' हा मुखवटाही उतरवला. तेथील न्यायालये सोयींच्या समानतेचा हिशेब मागू लागली, तेव्हा १९५३ च्या वेगळ्या सोयींच्या कायद्यात, वेगळ्या जागा समान असण्याची आवश्यकता नाही, असेच लिहून टाकले गेले. माणसे वेगळी ठेवायचीच असे एकदा ठरले की समानता ही पहिल्याच अडचणीला सोडून देण्याची गोष्ट होते, याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

म्हणून आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या चवीत शोधू नये. वस्तीवरचा आड उन्हाळ्यात आटला तर तेथील बाईला गावच्या आडावर घागर भरता येत होती का, आणि ही रेघ आखताना तिला कोणी विचारले होते का, एवढेच विचारावे. माझ्या आजोळी, धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात, तिला आडापासून दूर उभे राहून कोणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट पाहावी लागे. मी ते लहानपणी पाहिले आहे आणि त्या वेळी त्यात मला काहीही वावगे वाटले नव्हते, याची खंत आजही वाटते. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख का आहे, हे नातीला सांगताना हे दोन आड अवश्य सांगावेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेसाठी 'संविधान रंग पाहत नाही' हे न्यायमूर्ती हार्लन यांचे वाक्य मला मिळाले. या वाक्यानुसार आरक्षणही चुकीचे ठरत नाही का? (एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर अमेरिकेतील न्यायाधीश आजही दुभंगलेले आहेत. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतील वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धती रद्द केली, तेव्हा बहुमत आणि अल्पमत या दोन्ही बाजूंनी १९५४ च्याच निकालाचा वारसा सांगितला. एक बाजू म्हणते की राज्याने माणसाची वर्गवारी करणे हाच दोष आहे. दुसरी म्हणते की एका समाजाला दुसऱ्याच्या खाली दाबून ठेवणे हा दोष आहे, आणि तो दूर करण्यासाठी वर्गवारी पाहावी लागली तर ती पाहावी.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. वेगळेपण लादले आहे की मागितले आहे, यात मोठे अंतर असते. डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले, पण १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले तेव्हा ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना खुले ठेवले. या दोन्ही गोष्टींमागे दबलेल्या माणसाच्या हाती निर्णय असावा हा एकच विचार होता. अमेरिकेत कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनीही १९३५ मध्ये लिहिले होते की कृष्णवर्णीय मुलांना वेगळी शाळा किंवा मिश्र शाळा यांपेक्षा शिक्षण हवे आहे, कारण जेथे शिक्षकच त्यांचा तिरस्कार करतात अशा वर्गात त्यांना बसवून काय साधणार, ही चिंता त्यांना होती. आपल्याकडे १९५१ मध्ये मद्रासच्या प्रवेशांचा जातनिहाय आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींची मुभा देणारे चौथे कलम आले. पुढे १९७६ मध्ये केरळच्या एन. एम. थॉमस खटल्यात न्यायालयाच्या बहुमताने अशा तरतुदींकडे समान संधीचा अपवाद म्हणून न पाहता तिचेच एक रूप म्हणून पाहिले.

स्पर्धेत तुम्ही कोणतीही बाजू मांडा, मात्र हार्लन यांचे ते वाक्य वाचून दाखवताना त्याच्या अगदी आधीचे वाक्य गाळू नका. ते असे आहे : "येथे जात नाही."